ऑक्टोबरात लाल पानं कुठून आणायची? आपल्याकडच्या शरदात लेकरांना जमतील अशा वस्तू

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं आणि मग जरा वाईटच वाटलं. मला नीट कळलाय का बघा. तुम्ही लातुरात फ्लॅटमधी राहता, पोरगा साडेतीन वर्षांचा, पोरगी सहाची. दिवाळीच्या सुट्टीआधी पोरीच्या शाळेनं 'ऑटम क्राफ्ट' करून आणायला सांगितलंय, मोबाईलवर शोधलं तर जिकडं तिकडं लाल-केशरी पानं, पाइनची फळं, भोपळे आणि ती गरम गोंदाची बंदूक, ऑनलाइन किट बघितलं तर सहाशे रुपये. आणि एकदम शेवटी तुम्ही लिहिलंय, "बहुतेक मीच रात्री बसून करून देईन, पण मग तिला काय येणार त्यातून?" माझ्या मते खरा प्रश्न हा शेवटचाच आहे, सामानाचा प्रश्न तर घरातल्या डब्यातच सुटतो.

मी परभणीकडची, अंगणवाडी आणि बालवाडी मिळून २३ वर्षं लहान लेकरांत काढली. त्यामुळं जे सांगते ते करून, बिघडवून, परत करून बघितलेलं आहे. सगळं तुमच्या घरी तसंच जमंल असं नाही. पोरगा अजून वस्तू तोंडात घालतो का, गावाकडं येणंजाणं आहे का, तुमच्याकडं दिवसाला अर्धा तास आहे का रविवारचा एकच दिवस, ह्यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून जिथं फरक पडतो तिथं मी सांगत जाईन.

आधी त्या 'ऑटम'चंच बोलू. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस उघडलाय, ऊन चटके देतंय, सोयाबीनची काढणी चालू आहे, कापसाची पहिली वेचणी, एकीकडं ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीची गडबड. आणि झाडं? झाडं तर वर्षातली सगळ्यात हिरवीगार ह्याच दिवसांत असतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनातली, शिशिरातली, तेव्हा लिंबाखाली अन् पिंपळाखाली खच पडतो. थंड देशांतली झाडं कडाक्याची थंडी यायच्या आधी पानं टाकतात, तेव्हा हिरवा रंग निघून जातो आणि खालचा पिवळा-केशरी दिसायला लागतो. आपली झाडं पानं टाकतात ती मुख्यतः उन्हाळ्यात पाणी वाचवायला. म्हणजे ऑक्टोबरात लातुरात लाल पानं गोळा करून आणा म्हणजे वैशाखात हुरडा आणा म्हणल्यासारखं झालं. ह्यात बाईंचाही दोष धरू नका, त्यांना वरून जी यादी येती ती त्या पुढं देतात. त्यांना सरळ विचारा, "आमच्याकडं ह्या महिन्यात जे असतं त्यातून केलं तर चालंल का?" माझा अनुभव असा की दहातल्या आठ बाई चालंल म्हणतात, उलट खूष होतात. आणि लाल पानंच पाहिजेत म्हणल्या तर त्याचा पण उपाय आहे, हळदीचा, तो शेवटी सांगते.

आता सुरक्षेचं. हे कंटाळवाणं वाटंल पण वगळू नका, कारण नैसर्गिक म्हणजे सुरक्षित असं अजिबात नसतं. पोरगा साडेतीनचा आहे म्हणून साधा नियम ठेवा, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात जी वस्तू मावते ती त्याच्या हातात एकट्याला द्यायची नाही. हरभरा, सोयाबीन, चिंचोका, सीताफळाची बी, मणी, सगळं त्यात आलं. माझ्याच वर्गात एका पोरानं हरभरा नाकात घातला होता, मी घाबरून चिमटा घेऊन काढायला गेले आणि तो आणखी आत गेला. हरभरा ओलाव्यानं फुगतो, त्यामुळं जितका उशीर तितकं अवघड. शेवटी डॉक्टरांनी दोन मिनिटांत काढला, पण ती दोन मिनिटं यायच्या आधीचा सायकलवरचा रस्ता मला आजही आठवतो. त्यामुळं असं काही झालंच तर पिन, काडी, चिमटा काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि दाणा घशात अडकून लेकरू गुदमरायला लागलं तर ती आणखी वेगळीच गोष्ट, म्हणून बारीक दाण्याचं काम चालू असताना मोठं माणूस शेजारी बसलेलंच पाहिजे, स्वयंपाकघरातून आवाज देऊन भागत नाही.

बियांतल्या दोन-तीन तर घरात आणूच नका. गुंजा दिसायला किती गोड, लाल अंगाला काळा ठिपका, पण फोडून चावली तर जीवावर बेतते. एरंडीची बी तशीच. पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना आपण बिट्ट्या म्हणतो आणि लहानपणी खेळलो पण, त्या पण विषारीच. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते. आणि ह्या महिन्यात रिकाम्या प्लॉटवर पांढरी बारीक फुलं दिसतात ना, लेकरं 'फुलं, फुलं' करत पळतात, ते बहुतेक गाजर गवत असतं, काही जणांच्या अंगाला त्यानं भयंकर खाज सुटते. सीताफळं तर आता घरोघरी आहेत, बीडकडची येतात. त्याच्या बिया धुऊन वाळवून चिकटवायला छान, काळ्या चकचकीत, पण फक्त पोरीसाठी, आणि अख्ख्याच. त्या कुटायच्या किंवा फोडायच्या नाहीत, त्याची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला खरंच इजा होते. रुईचा चीक पण डोळ्याला वाईट. एवढं पाळलं की बाकी मोकळं रान आहे.

गोंदाचं काय? ती बंदूक विसरून जा, भाजतं. आपली खळ करा. दोन चमचे मैदा, वाटीभर गार पाणी, आधी गारच पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या आणि मग मंद गॅसवर हलवत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली आणि चमच्याला धरायला लागली की झाली. मैदा नसंल तर कणकेची करा, जरा मळकट दिसते पण चिकटते. गार करून वाटीत द्या, ब्रश नको, बोटानंच लावू द्या. दोन दिवस टिकते, मग आंबूस वास येतो, टाकून द्यायची. जुन्या काळी पोस्टर लावणारे, वह्या बांधणारे खळीत मोरचूद टाकायचे म्हणजे किडं लागत नाही. तुमच्या सासूबाई किंवा कुणी सांगितलं तरी ते टाकू नका, विषारी असतं. लेकराच्या खळीत काहीच टाकायचं नाही, बोट चाटणारच आहे ते.

आता एकेक वस्तू. सुरुवात दसऱ्याच्या सोन्यापासून करा, कारण ते तुमच्या देवघरात नाहीतर खिडकीत पडलेलंच असंल. आपट्याचं पान उघडून बघितलंय का कधी नीट? मधोमध घडी, दोन्ही बाजूला दोन पाळ्या, म्हणजे फुलपाखराचे पंख निसर्गानंच कापून दिलेले. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर पान चिकटवायचं, मधल्या घडीवर खराट्याची काडी, पुढं दोन मिशा काढल्या की झालं फुलपाखरू. उलटं लावलं की हत्तीचे कान. एका पोरानं मला तेच पान दाखवून म्हणलं होतं, "ताई, हे आमच्या म्हशीचं खूर." बरोबरच होतं त्याचं, मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पान वाळून कडक झालं असंल तर चिकटवताना फुटतं, मग ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा, मऊ पडतं. आणि झाडाच्या नवीन फांद्या तोडून आणू नका, दसऱ्याला आधीच झाडांची वाट लागते. बाजारात सोनं म्हणून बऱ्याचदा कांचनाची पानं विकतात, ती मोठी आणि पातळ असतात, आपट्याचं पान लहान, जाडसर, उंचीपेक्षा रुंदीला जास्त. तुमच्याकडं दोन्ही आली असतील तर पोरीला वेगवेगळी करायला लावा, अर्धा तास तिचा त्यातच जाईल आणि शाळेत सांगायला एक गोष्ट पण मिळंल.

झेंडूचं तर बोलायलाच नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडंला ढीग पडलेले असतात, आणि घरच्या दाराचं तोरण तर असतंच. ते सुकलेलं तोरण साडेतीन वर्षांच्या पोराला द्या आणि फक्त म्हणा, पाकळ्या काढ. बास. त्या वयाला हेच काम आहे, ओढणं, सोडवणं, चिमटीत धरणं. पाकळीच्या बुडाला काळी काडीसारखी बी असते, ती पोरीनं बाजूला काढायची आणि बाल्कनीतल्या कुंडीत पेरायची, आठवड्याच्या आत कोंब दिसतात. पाकळ्या ताटात पसरून पोराला चित्र करू द्या, चिकटवायची पण गरज नाही, मोडलं की परत. उरलेल्या पाकळ्या उकळल्या की पिवळं पाणी मिळतं, त्यात थोडी तुरटी टाकून पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बुडवला तर रंग बरा धरतो. उकळायचं काम अर्थात तुमचं.

पानाचा छाप हा सगळ्यात सोपा प्रकार, त्यात चुकायलाच जागा नाही. पिंपळाचं किंवा वडाचं पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर आल्या पाहिजेत, त्यावर पातळ कागद, आणि मेणखडू आडवा धरून घासायचा. बरेच जण इथं फसतात, पान सुलटं ठेवतात नाहीतर खडू टोकानं घासतात आणि मग कागद फाटतो. साडेतीन वर्षांच्या हातानं कागद सरकतो, म्हणून पान आणि कागद दोन्ही फरशीला टेपनं चिकटवून द्या. भेंडी आडवी कापली की चांदणी, हे तुम्हाला माहीतच असंल, पण कुंपणावर वाळलेलं घोसाळं मिळालं तर त्याची जाळी कापून ठसे करून बघा, लई सुंदर उठतात. रंगाला गेरू वापरा, पाण्यात कालवला की झाला. चुना मात्र लेकरांच्या आसपास नको, डोळ्यात गेला तर भाजतो.

आणि पिंपळाचं जाळीदार पान. हे आजच्या प्रोजेक्टला उपयोगाचं नाही कारण त्याला तीन-चार आठवडे लागतात, पण पोरीला लावून द्या. जुन्या माठात नाहीतर डब्यात पाणी, त्यात पानं बुडवून वर खापरी किंवा दगड, पाणी तीन-चार दिवसांनी बदलायचं. वास येतो, खोटं कशाला सांगू, त्यामुळं बाल्कनीतच ठेवा आणि झाकण घाला, नाहीतर डासांची सोय होईल. गर कुजला की जुन्या मऊ टूथब्रशनं हळूहळू झाडायचं, जाळी तेवढी राहते. दहातली चार पानं फाटतात. मग वहीत दाबून ठेवायची.

आता माती, इथं जरा जास्त वेळ घेते, कारण मराठवाड्यातल्या माणसाला मातीचं सांगावं लागू नये पण लागतंय. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी वळते, पोळ्याला आपण त्याचीच बैलं केली, पण वाळली की तडे जातात. कारण ती पाण्यानं फुगते आणि वाळताना तेवढीच आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ना, बैलाच्या पाठीला पण तेच होतं. माझ्या पहिल्या वर्षी लेकरांनी केलेली सगळी बैलं दुसऱ्या दिवशी दोन-दोन तुकड्यांत होती, आणि एका पोरीनं रडून गोंधळ घातला. मग आमच्या गावच्या कुंभार काकांनी सांगितलं की नुसती माती कधीच घ्यायची नाही, ते पण त्यात राख, लीद मिसळतात. तेव्हापासून मी माती वाळवून, कुटून, चाळून घेते, तीन वाट्या मातीला वाटीभर चुलीची राख नाहीतर भिजवून चुरगाळलेल्या वर्तमानपत्राचा लगदा, आणि मळून रात्रभर ओल्या पोत्यात. वाळवायचं सावलीत, उन्हात नाही, हे फार महत्त्वाचं. फ्लॅटमधी राख कुठून, तर कागदाचा लगदाच बरा. काळी माती नसंलच तर कुंडीवाल्याकडं किंवा पणत्या विकणाऱ्यांकडं मळलेल्या मातीचा गोळा मागा, दिवाळीच्या तोंडावर देतात दहा-वीस रुपयांत.

काय करायचं मातीचं? पोरानं गोळे, वळ्या आणि थापट्या, एवढंच, त्यात बोटं रुतवायची. त्या थापटीवर कडुलिंबाची डहाळी दाबून उचलली की ठसा उठतो, तो वाळला की झालं शाळेला द्यायला. पोरीनं पणती करावी, अंगठा मधे घालून फिरवत फिरवत. आमच्याकडं दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी करतात, त्यात पेंद्या असतो, जातं असतं, चूल असते, हे तुमच्या घरी कुणी वडीलधारं असंल तर त्यांना विचारा, तुमच्या पोरीला ते मातीतून करता येतं. शेजारच्या लेकरांचा किल्ला बघून हट्ट धरला तर तोही करा, पण सगळी दुसरीकडचेच किल्ले करतात, आपल्याकडं देवगिरी आहे, उदगीर, औसा, नळदुर्ग, परंडा आहे. औसा तर तुमच्यापासून जवळच, एक दिवस घेऊन जा की. किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरली की तीन-चार दिवसांत हिरवं होतं.

कापूस मिळाला तर सोडू नका. गावाकडं शेत असंल तर पऱ्हाटीवरची दोन-चार उकललेली बोंडं आणा, फक्त नुकती फवारणी झालेली नसावी, हे विचारूनच घ्या, आणि नंतर हात साबणानं. कापूस काढून घेतला की बोंडाचं जे वाळलेलं टरफल राहतं ते चार-पाच पाकळ्यांच्या लाकडी फुलासारखं दिसतं, टोकं टोचतात म्हणून ते पोरीलाच, तेही टोकं दगडावर घासून. कापसातून सरकी वेगळी करणं हे तर अस्सल बोटांचं काम, लेकरू गप्प होतं अर्धा-अर्धा तास. सरकी तेवढी लगेच उचलून घ्या, पोराच्या नाका-तोंडाचा नियम तिला पण लागू. मग त्याच कापसाचे ढग, ससा, मेंढी, आजी असंल तर वाती. बाजारचा कापूस आणला तरी चालतो, पण बोंडातून काढायची मजा त्यात नाही.

मक्याची कणसं सध्या बाजारात आहेत, सिल्लोडकडं तर ढीग लागलेले असतात. कणसावरची पानं फेकू नका. कोवळी असतील तर तशीच, वाळली असतील तर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. चार-पाच पानं एकावर एक, एका टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधायची, मग सगळी उलटी पाडायची म्हणजे गाठ आत जाते आणि वर डोकं होतं, डोक्याखाली परत दोरा, मानेखाली एक पान आडवं गुंडाळून घातलं की हात, कमरेला दोरा, खाली घागरा आपोआप. आई गाठी मारंल, पोरगी धरंल, हे ठरवून घ्या, कारण सहा वर्षांच्या लेकराला घट्ट गाठ बहुतेक जमत नाही आणि तिथंच चिडचिड होते. कणसाचे केस बाहुलीला लावायचे आणि गोधडीच्या उरलेल्या चिंधीचं नऊवारी. चेहरा काढू नका, नुसता ठेवा, लेकरं त्यात रोज वेगळा बघतात.

ज्वारीच्या धाटाची बैलगाडी तुम्हाला आठवत असंल, नसंल तर तुमच्या वडलांना विचारा. धाटाची वरची टणक साल काढायची, आत पांढरं हलकं भेंड, त्याचे तुकडे चाकाला, आणि सालीच्या काड्या जोडायला, भेंडात खुपसल्या की बसतात, गोंद लागत नाही. पण इथं दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ह्या महिन्यातली खरिपाची ज्वारी ओली, तिचं भेंड वाळलं की आकसतं आणि गाडी ढिली होते. गेल्या रब्बीचा वाळका कडबा पाहिजे, दूधवाल्याकडं पेंढी असते, त्यातली चार-पाच धाटं मागा. दुसरं म्हणजे ती साल ब्लेडसारखी कापते, माझ्या बोटावर खूण आहे अजून. सोलायचं काम मोठ्यांनीच करावं, पोरीनं फक्त खुपसायचं, आणि काड्यांच्या ऐवजी तुराट्यांचे बारीक तुकडे दिले तर आणखी बरं. पोराला नुसते भेंडाचे तुकडे द्यायचे असतील तर तळहाताएवढे लांब द्या, बारके तुकडे तो तोंडात घालतो.

लव्हाळ्याची दिवटी पण आहे, वसुबारसेपासून लेकरं गुरांना ओवाळत फिरतात ती, नागाच्या फणीसारखी वळलेली. ओढ्याच्या कडंला लव्हाळा मिळतो. पण वळायला शिकवणारं माणूस शेजारी पाहिजे, लिहून सांगून ती येत नाही, आणि मला स्वतःला तीनदा आईनं हातावर मारल्यावर आली. गावी जाणार असाल तर आजोबांकडून शिकून घ्या. फ्लॅटमधी करायची तर दिवा न लावता.

आता तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाकडं येते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पर्यवेक्षिका येणार म्हणून मी रात्री जागून २८ पोपट कापले होते, लग्नपत्रिकांचे, एकसारखे. लेकरांनी फक्त डोळा चिकटवला. भिंतीवर लावले, लई कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी एक पोरगी भिंतीसमोर उभी राहून म्हणली, "ताई, ह्यातलं माझं कुठलं हाय?" मला पण सांगता आलं नाही. आणि गंमत म्हणजे पोपट कापल्यावर जी कतरण उरली होती ती तिनं फ्रॉकच्या ओच्यात भरून घरी नेली, तिच्या कामाची वस्तू ती होती. त्यानंतर मी नमुना करून दाखवायचं बंदच केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ सालापासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला आदिवासी लेकरांत आसपासच्याच वस्तूंवर बालवाड्या उभ्या केल्या, आमच्या ट्रेनिंगमधी हे शिकवलं होतं, पण मला ते कळलं त्या पोरीच्या ओच्याकडं बघून.

त्यामुळं माझी पद्धत अशी, तुम्ही शेजारी बसा पण तुमच्या हातात तुमचं वेगळं काम पाहिजे. तुम्ही तुमची पणती करा, ती तिची करंल. तुमचा हात रिकामा असला की तो तिच्या पणतीकडं जाणारच, मी स्वतःला ओळखते म्हणून सांगते. "असं नाही, असं" हे वाक्य गिळायचं. "हे काय केलंस?" असं पण विचारायचं नाही, कारण बऱ्याचदा ते काहीच नसतं, नुसतं थापटणं असतं आणि मग लेकरू घाईघाईनं काहीतरी नाव सांगतं. "इथं दोन बोटं रुतवलीस वाटतं" एवढं म्हणलं तरी बास. वेळेचं म्हणाल तर साडेतीनचा पोरगा दहा मिनिटं बसला तरी झालं, सहाची पोरगी अर्धा तास. उठला तर उठू द्या. आणि दोघांना एकाच वेळी वेगळं काम देऊ नका, भांडणं होतात, एकच सामान द्या आणि अवघडपणा वेगळा ठेवा. म्हणजे माती दोघांना, पण त्याला थापटी आणि तिला पणती, झेंडू दोघांना, पण त्याला पाकळ्या आणि तिला बिया.

पसारा होणार. जुनी साडी नाहीतर खताचं धुतलेलं पोतं फरशीवर आंथरा, संपलं की चारी टोकं धरून बाल्कनीत झटका.

आणि आता शाळेच्या लाल पानांचं. घरात हळद आहे, वसमतची असो का दुकानातली. चमचाभर हळद पाव वाटी कोमट पाण्यात कालवा, कापसाच्या बोळ्यानं पांढऱ्या कागदावर दोन्ही लेकरांना फासू द्या, आणि सावलीत वाळवा. पिवळा कागद तयार. आता पोरीनं खरी पानं ठेवून, आपट्याचं, पिंपळाचं, पेरूचं, पेन्सिलीनं आकार काढायचे आणि कात्रीनं कापायचे, वाकडे झाले तरी पानंच आहेत ती. मग कपडे धुवायच्या साबणाचं थोडं पाणी वाटीत घ्यायचं, खराट्याची काडी बुडवून त्या पिवळ्या पानावर शिरा ओढायच्या. ओढल्या ओढल्या लाल होतात. हळदीत चुना मिसळून कुंकू करायचे ना, तीच करामत, साबणाचं पाणी पण चुन्यासारखंच हळदीला तांबडं करतं. काही पानं शिरांपुरती लाल, काही अर्धी, काही सबंध बुडवून, म्हणजे पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग मिळतात. वर लिंबाचा थेंब टाकला तर तेवढा ठिपका परत पिवळा, हे बघून तुमची पोरगी किती पानं करंल सांगता येत नाही. फक्त हा रंग उन्हात उडतो, त्यामुळं शाळेत न्यायच्या आदल्या दिवशीच करा आणि नेईपर्यंत वहीत ठेवा. लागलाच कपड्यांना डाग तर साबण लावल्यावर आधी लाल होईल, घाबरू नका, धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकलं की फिका पडतो.

कागदाच्या मागं तिलाच तिच्या अक्षरात लिहू द्या, "हळद, साबण". वाटी मात्र दोन ठेवा, एक तिची आणि एक भावाची, आणि त्याच्या वाटीत साबणाचं पाणी अगदी पातळ, कारण तो काडी सोडून बोटच बुडवणार आहे आणि मग तेच बोट तिच्या पानावर.